आतून पाडलेलं भोक

मी एक तट्टा आहे. बांबूच्या कमच्या, म्हणजे चिरलेल्या पट्ट्या, आडव्याउभ्या घालून विणलेला, उभ्या माणसाचं डोकं झाकेल एवढा उंच. तुमच्याकडे मला ताटी म्हणत असतील, कूड म्हणत असतील. म्हणा बाप्पा. नावावरून भांडायचं माझं वय राहिलं नाही.

वयाबरोबर पुष्कळ गोष्टी सुटल्या. एक सुटली नाही, ती म्हणजे संशय. कोणी हळू बोललं की मला वाटतं, काहीतरी शिजून राहिलं. कोणी गोड बोललं की वाटतं, याला काहीतरी पाहिजे. याला माझा इलाज नाही. ज्याचा जन्मच आडोसा करायला झाला, त्याच्या एका अंगाला झाकणारे असतात आणि दुसऱ्या अंगाला डोकावणारे. दोघांचंही ऐकत ऐकत मी म्हातारा झालो. आता भरवसा ठेवायचा कोणावर, तुम्हीच सांगा.

पण एका माणसाच्या बाबतीत माझा संशय खोटा पडला. त्याची गोष्ट सांगतो. घाई असेल तर उठून जा, मला राग नाही. मी हळूहळूच सांगणार.

गोंदियाकडच्या प्रतापगडच्या डोंगराखाली बांबूचं बेट होतं, त्यात मी वाढलो. तोडला गेलो, विकला गेलो, आणि कामठ्याच्या मनिराम बुरडाच्या अंगणात येऊन पडलो. मनिरामनं मला उचलून कानाशी धरलं, बोटाच्या पेरानं ठोकलं आणि मान हलवली.

‘‘हा काही खरा नाही वाटत. पोकर बोलून राहिला,’’ असं तो म्हणाला. पोकर म्हणजे आतून पोकळ.

त्याची बायको चंदा कमच्या सोलत बसली होती. ती म्हणाली, ‘‘बांबू पोकरच रायते जी. तुमच्यासारखा.’’

म्हणजे बघा, अजून मी विणलाही गेलो नव्हतो, तेव्हाच माझ्यावर संशय घेतला गेला. स्वभाव काय उगाच बनतो?

मुर्री गावचा उदाराम मला घ्यायला आला. सोबत त्याची घरवाली सुलोचनाबाई. उदारामला बंडीला, म्हणजे बैलगाडीला, बाजूनं लावायला तट्टा पाहिजे होता, धान सांडू नये म्हणून. सुलोचनाबाईनं मला उन्हात आडवं धरलं आणि कमच्यांमधून पाहिलं.

‘‘विरळ हाये,’’ ती म्हणाली.

‘‘धान जात नाही यातून.’’

‘‘धान नाही जात, नजर जाते. न्हानीले चालनार नाही हा.’’

‘‘न्हानीले कोन घेऊन राहिला? बंडीले घेऊन राहिलो.’’

‘‘तेच तं म्हनते मी. न्हानीले कवा घेसान?’’

‘‘पाहू,’’ उदाराम म्हणाला.

हे ‘पाहू’ ध्यानात ठेवा. पुढे लागेल.

उदाराम हा हळू चालणारा, हळू बोलणारा माणूस. शाळेत गेला नाही. बैलांनाही ‘चला जी’ म्हणायचा. त्याच्या बंडीवर मी कितीतरी हंगाम धान वाहिलं. बांधीतून, म्हणजे धानाच्या शेतातून, खळ्यावर, खळ्यावरून गिरणीवर. गिरणीवर तर संशयाची शाळाच भरायची. तिथला माणूस पोत्यात खांद्यापर्यंत हात घालायचा, तळातला एक दाणा काढून दाताखाली कट्‌ट करायचा आणि म्हणायचा, ‘‘ओला हाय.’’

‘‘कालच वाळवला जी,’’ उदाराम सांगायचा.

‘‘काल आभाळ होतं.’’

‘‘तुमच्याकडे असन. आमच्याकडे ऊन होतं.’’

दोन्ही गावांत अंतर किती, तर कोंबडा आरवला तर ऐकू यावा एवढं. मी ऐकायचो आणि शिकायचो.

मग ट्रॅक्टर आले. बैल गेले, बंडीची चाकं गेली, आणि मी गोठ्यामागे भिंतीला टेकलो. माझ्या मागे कोंबड्या अंडी घालायच्या. सुलोचनाबाई अंगणातल्या कोपऱ्यात, दोन खुंटांना जुनं लुगडं बांधून, त्यामागे अंघोळ करायची. वारा आला की एका हातानं लुगडं धरायची आणि एका हातानं पाणी घ्यायची. वाटेनं कोणी जात असलं की तशीच उकिडवी बसून राहायची. हे मी वर्षानुवर्षं पाहिलं. ‘‘आता तरी तो तट्टा इकडे लावा, विरळ तं विरळ,’’ ती म्हणायची. ‘‘कोंबड्या कुठे जातीन मंग? पाहू,’’ तो म्हणायचा. वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त ते दिसत नव्हतं.

मग ती बिमारी आली.

पहिल्या वर्षी गाव घाबरलं, दुसऱ्या उन्हाळ्यात गाव मेलं म्हणावं एवढं झालं. मोठे दवाखाने भरले, तेव्हा गावाबाहेरचं मुलांचं एक वसतिगृह रिकामं पडलं होतं, त्यात तात्पुरता दवाखाना उघडला. मुलांच्या पलंगांवर बिमार माणसं झोपली, अभ्यासाच्या खोलीत ऑक्सिजनची सिलिंडरं उभी राहिली. तिथं चौकीदार म्हणून उदाराम लागला. तरणे लोक तयार नव्हते, त्यांना भीती होती. उदाराम म्हणाला, ‘‘मले का होते? मी तं पिकलेलाच हाओ.’’

सिस्टरांना किट उतरवायला जागा नव्हती. ते पांढरं किट तुम्ही पाहिलं असेल, डोक्यापासून पायापर्यंत. मागच्या पडवीच्या कोपऱ्यात कापड बांधलं होतं, पण वैशाखाचा वारा ते कापड उडवून नेई. डॉक्टर म्हणाले, काहीतरी पक्कं लावा. उदाराम घरी आला आणि माझ्या मागच्या कोंबड्या हाकलून मला ऑटोवर बांधू लागला.

सुलोचनाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ‘‘न्हानीले मांगून मांगून थकली, तं नाही देल्ला. अन् दवाखान्याले देऊन राहिले?’’

‘‘परत आनतो ना.’’

‘‘आनसान बाप्पा. तुमचं परत मले माहीत हाये.’’

असा मी दवाखान्यात लागलो. औषधाच्या पाण्यानं धुतलेला, खिळे ठोकलेला, पडवीच्या कोपऱ्यात. माझ्या आतल्या अंगाला एक स्टूल, दोन बादल्या, लाल पिशवी लावलेला डबा आणि वॉर्डात जाणारं दार. बाहेरच्या अंगाला अंगण. विरळ असलो तरी सावलीत माझ्या फटींतून उजेड तेवढा कळायचा, माणूस दिसायचा नाही.

आत दोघी जणी असायच्या. नूतन सिस्टर मोठी. ती प्रतापगडच्या बाजूची, म्हणजे माझ्याच मुलखातली. भूमिका तिच्याहून लहान, जिभेनं तिखट. कामाची पाळी संपली की त्या किट उतरवायच्या तेव्हा आतून पाणी निथळायचं. पावसात सापडलेल्या माणसाला पिळावं तसा ड्रेस पिळायच्या. बोटांच्या टोकांवर सुरकुत्या, नाकावर मास्कचा लाल वळ. किट घातलं की सारी पाळी ना पाणी, ना काही. उतरवलं की दुसरं मिळेलच असं नाही.

आणि बाहेर काय? बाहेर संशय. दूधवाला पाकिटं भिंतीवर ठेवून दहा पावलं मागे सरे. डबेवाला डबा काठीनं ढकले. नूतन जिथं भाड्यानं राहायची, तिथली घरमालकीण तिची चप्पल काठीनं बाजूला करायची. वाटेनं जाणारे माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, ‘‘त्या तट्ट्यामागं का करून राहिले कोन जाने. जिता मानूस जाते, गाठोडं होऊन येते.’’ मला ओरडून सांगावंसं वाटायचं, अरे, इथं एक बाई तोंडावर पाणी मारून राहिली, बाकी काही नाही. पण तट्ट्याला तोंड कुठं असतं.

आता मुख्य गोष्ट. नीट ऐका.

ते वसतिगृह मुलग्यांचं, बायांसाठी वेगळं काही नव्हतं. आतले संडास बिमार माणसांना दिले. काम करणाऱ्यांसाठी एकच, अंगणापलीकडे, स्वयंपाकखोलीच्या मागे. पत्र्याचं दार. त्याला कडी नव्हती. कडीच्या जागी एक गंजलेला खिळा होता, तोही बाहेरून. आणि त्याच्या समोर, कडुनिंबाच्या सावलीत, दिवसभर माणसं बसलेली. ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर, सिलिंडर उतरवणारे, डबेवाला. बिडी ओढत, मोबाइल पाहत. अंगणात दुसरी सावलीच नव्हती, तर तेही कुठं जातील?

एकदा भूमिका आत असताना कोणीतरी दार ढकललं. तिनं आतून पाय लावला. बाहेर हसणं झालं. ती परत आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. ‘‘दीदी, मी आता पानीच पीत नाही,’’ ती नूतनला म्हणाली.

‘‘मी केव्हाच सोडलं,’’ नूतन म्हणाली.

तिनं सोडलं होतं, हे खरं. मी पाहत होतो ना. स्टूलवर बसून पोट दाबून धरायची. लघवीला जळजळ व्हायची, अंगात कणकण असायची, तशीच पाळीवर जायची. तिनं कडीचं सांगितलंही होतं. डॉक्टर वीरेंद्र चांगले होते, पण त्यांच्या डोळ्यांपुढे सिलिंडरंच नाचत होती. ते म्हणाले, ‘‘हां हां, करवाते हैं.’’ सामान पुरवणाऱ्या ठेकेदाराचा माणूस म्हणाला, ‘‘मॅडम, लोकं मरून राहिले अन् तुमाले कडी पायजे? डायपर लावा. मोठ्या शहरात तेच करतात.’’ आणि हसला. त्यानंतर नूतननं कडीचं नाव काढलं नाही.

त्यानंतर एका दुपारी ती एकटी आत आली. कात्रीचं टोक घेतलं आणि माझ्या दोन कमच्यांच्या मध्ये, बरोबर डोळ्याच्या उंचीवर, घुसवलं. मला कळ आली. तिनं कात्री फिरवली, भोक मोठं केलं आणि त्याला डोळा लावला.

मी म्हटलं, असं आहे होय! माझा स्वभाव तर तुम्हाला सांगितलाच. बाहेर भुपेंद्र नावाचा ॲम्ब्युलन्सवाला बसला होता. तरणा, गाडीच्या आरशात भांग पाडणारा. मला वाटलं, ही त्याच्यासाठी डोळा लावून बसते. दुसऱ्या दिवशीही तेच. पाहायची, ओठ दातांत दाबून पाहायची. भुपेंद्र दिसला की हिचा चेहरा उजळायच्या ऐवजी पडायचा. तो गाडी घेऊन गेला की ही माझ्या कडेनं बाहेर पडून पळत सुटायची. अंगण ओलांडून, पत्र्याच्या दारात.

तेव्हा मला कळलं. ती माणसांकडे पाहत नव्हती. माणसं गेली का, हे पाहत होती. अंगण रिकामं होण्याची वाट पाहत होती. माझी मलाच लाज वाटली. पण हे भोक तिनं भूमिकेलाही सांगितलं नाही. काही गोष्टी बाया बायांनाही सांगत नाहीत.

आता उदाराम. त्यानं आपली खुर्ची आणून ठेवली ती माझ्या बाहेरच्या अंगाला, अगदी जवळ. फाटक तिकडे, हा बसतो इकडे. माझा संशय पुन्हा जागा झाला. म्हटलं, म्हाताऱ्या, तुला दुसरी जागा नाही? मी त्याच्यावर नजर ठेवली. दिवस गेले. पण मला दिसली ती त्याची पाठच. घामानं ओला सदरा, खांद्यावर दुपट्टा आणि पिकलेली मान. तो तोंड अंगणाकडे करून बसायचा आणि कोणी तट्ट्याजवळून जायला लागलं की खाकरायचा. सिलिंडरवाल्याला म्हणायचा, ‘‘तिकडून जा गा. इकडे बाया हायेत.’’ एकदाही त्यानं मान वळवली नाही. हे फक्त मला माहीत, कारण पाठ मला दिसत होती. बाकी जगाला काय दिसत होतं? एक म्हातारा बायांच्या तट्ट्याला चिकटून बसतो, एवढंच.

मग तो दिवस आला. दुपारी भूमिका किट उतरवून तोंड पुसत होती. उन्हाचा एक कवडसा तिच्या गळ्यावर पडला. तिनं हातानं झटकला, तो गेला नाही. तिनं मान वर केली आणि भोक पाहिलं.

तिचा आवाज स्वयंपाकखोलीपर्यंत गेला. ‘‘कोनी भोक पाडलं! तट्ट्याले कोनी भोक पाडलं!’’

क्षणात सारे जमा झाले. आणि सगळ्यांची नजर एकाच जागी गेली. भोकाच्या बाहेर, एका हातावर, उदारामची खुर्ची.

भुपेंद्र सगळ्यात आधी बोलला. ‘‘का बुढाजी, पिक्चर कसा हाये?’’

कोणी हसलं. कोणी म्हणालं, ‘‘म्हनूनच जागा सोडत नव्हता.’’ उदारामला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तो उठला, खुर्ची उचलली आणि उभाच राहिला. खुर्ची कुठं ठेवावी हे त्याला कळेना.

‘‘मी नाही जी,’’ तो डॉक्टरांना म्हणाला.

डॉक्टर वीरेंद्र थकलेले होते. म्हणाले, ‘‘काका, तुम गेट पे बैठो. इधर आना नहीं. बाकी कल बड़े साहब आ रहे हैं, देखेंगे.’’

नूतन तेव्हा वॉर्डाच्या दारात होती, किट घातलेली. तिनं सारं ऐकलं. तिचा हात उचलला गेला आणि खाली आला. समोर ड्रायव्हर, सिलिंडरवाले, डबेवाला, ठेकेदाराचा माणूस. त्यांच्यापुढे काय सांगणार? मी संडासची वाट पाहायला भोक पाडलं? ती आत गेली. मला तिचा राग आला. आणि मग आठवलं, तिला तोंड असून नव्हतं, मला तर मुळातच नाही. कोणी कोणाला बोलायचं?

त्या दिवशी उदाराम फाटकावर बसला. येणारा जाणारा त्याला काहीतरी बोलून जात होता. पण त्याच्या डोक्यात काहीतरी हळूहळू शिजत होतं, आणि मी म्हटलं, आता हा रागानं काहीतरी करणार.

केलं ते असं. सकाळी फटफटताच तो घमेलं घेऊन आला. घमेल्यात गाईचं ताजं शेण, पांढरी माती आणि धानाचा कोंडा. सदरा काढून ठेवला आणि त्यानं मला सारवायला घेतलं. आमच्याकडे घराची भिंत सारवतात तसं, वरून खाली, ओंजळभर घेऊन, हातानं दाबत, मग पंजा फिरवत. भोकावर तर त्यानं दोन थर दिले. शेवटी सवयीनं बोटांची नक्षीही काढली. सारवलं म्हणजे शुद्ध झालं, सारवलं म्हणजे भोक बुजलं, आणि सारवलं म्हणजे आपल्यावरचा डाग पुसला, असं त्याच्या मनात. सारं आयुष्य त्यानं हेच पाहिलं होतं. दवाखान्याचं शास्त्र वेगळं असतं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

डॉक्टर आले आणि दारातच थबकले.

‘‘काका! ये क्या किया? हॉस्पिटल है ये!’’

‘‘सारवलं जी. ताजं शेन हाये, गाईचं. आता मुंगीची नजर जानार नाही.’’

‘‘गोबर? जहाँ नर्स किट उतारती है, वहाँ गोबर?’’ डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. माश्या तर केव्हाच आल्या होत्या.

तेवढ्यात मोठे साहेब आले. सोबत पाच-सहा माणसं, सगळ्यांच्या तोंडाला मास्क, वर संशयानं बारीक केलेले डोळे. साहेबांनी नाकावर रुमाल धरला.

‘‘हे काय आहे? आणि हा कोण?’’

‘‘चौकीदार, सर.’’

‘‘तो भोकाचा मॅटर, तोच का हा?’’

ठेकेदाराचा माणूस पुढे होऊन म्हणाला, ‘‘तोच साहेब. पुरावा बुजवून राहिला होता.’’

उदारामचे हात कोपरापर्यंत शेणानं भरलेले. त्या हातांनी नमस्कारही करता येईना. तो एवढंच म्हणाला, ‘‘माझ्या घरचा तट्टा हाये, साहेब. मी कायले भोक पाडन?’’

साहेब म्हणाले, ‘‘काढून टाका. दोघांनाही. तट्टा जाळा, माणूस घरी पाठवा.’’

मी म्हटलं, संपलं. जळायचं मला फार वाटलं नाही, बांबूचा शेवट तोच असतो. पण त्या म्हाताऱ्याची मान खाली गेली होती, आणि ती मान मी इतके दिवस मागून पाहिली होती. तो आता याच डागासकट मुर्रीत फिरणार होता. मरेपर्यंत.

तेव्हा माझ्या आतल्या अंगानं आवाज आला. ‘‘सर, ते भोक मी पाडलं.’’

नूतन बाहेर आली. किट नुकतंच उतरवलेलं, केस कपाळाला चिकटलेले, ड्रेस ओलाचिंब. तिचा एक हात भिंतीला होता.

साहेबांनी विचारलं नाही. विचारलं ते उदारामनं.

‘‘तू? कायले बाई?’’

‘‘संडासले जायासाठी, काका.’’

मग ती साहेबांकडे वळली. ‘‘सर, त्या दाराले कडी नाही. समोर मानसं बसून रायतात. मी इथून पाहते. अंगन खाली झालं की पळते. नाही झालं की थांबते. थांबून थांबून मला ताप येऊन राहिला. आम्ही पानी प्यायचं सोडलं. आज सारवणानं भोक बुजलं. मला दिसत नाही बाहेर कोन हाय, कोन नाही. मी मघापासून आत उभी आहे. वाटलं, जातीन लोकं. पन आज तर तुम्ही सगळेच आलात.’’

तिनं भिंतीवरचा हात काढला.

‘‘तर जरा सरका. मला जाऊ द्या.’’

काय सांगू तुम्हाला. मोठ्या साहेबांसकट सारे बाजूला झाले. कोणाला कुठं पाहावं कळेना. साहेब आपल्या बुटांकडे पाहू लागले. भूमिका धावत मागून गेली आणि पत्र्याच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. तिथून ती ठेकेदाराच्या माणसाला म्हणाली, ‘‘का जी, डायपर आनलं का तुमी? लावून पाहा एक दिवस.’’

डॉक्टर वीरेंद्र हळूच म्हणाले, ‘‘सिस्टरने बोला था मुझे. मैं ही भूल गया.’’

साहेब जाताना म्हणाले, ‘‘लेडीज टॉयलेटचं बघतो.’’ मोठ्या माणसाच्या ‘बघतो’वर माझा भरवसा नाही, आणि माझं चुकलंही नाही. लाट ओसरल्यावर तिथं खड्डा खणला गेला, विटा आल्या, दार कधी आलं नाही. पण कडी मात्र त्याच दुपारी आली. भुपेंद्रनं आणली. गोंदियात अर्ध्या उघडलेल्या शटरखालून कुठून तरी. त्यानंच ठोकली, आतून. कोणाकडे न पाहता ठोकली आणि आपली गाडी फाटकाबाहेरच्या चिंचेखाली नेऊन लावली. बाकीचेही त्याच्या मागे गेले. उदारामजवळून जाताना तो म्हणाला, ‘‘बुढाजी, जीभ घसरली.’’

उदाराम म्हणाला, ‘‘तरनी जीभ घसरतेच गा.’’

मला जाळलं नाही. उदारामनंच खरवडून, औषधाच्या पाण्यानं धुऊन काढलं. नूतन जवळ आली. दोघांमध्ये अंतर होतं, तेव्हा सगळे ठेवायचे तेवढं.

‘‘काका, मी काल बोलली नाही.’’

‘‘आज बोललीस ना.’’ तो घासतच होता. ‘‘एक सांग पन. तुले तरी मी तसा वाटलो होतो का?’’

‘‘मलेच तं माहीत होतं, भोक कोनाचं हाय ते.’’

‘‘हो, तेही खरंच.’’ आणि तो पहिल्यांदा हसला. ‘‘मंग पुरे. आता हे भोक बुजवू का ठेवू?’’

‘‘ठेवा,’’ ती म्हणाली. ‘‘कडी आली, पन सवय जात नाही.’’

तो दवाखाना बंद झाला. पलंग पुन्हा मुलांचे झाले. जाताना सगळ्यांना हार घातले, फोटो काढले. नूतननं एक ग्लास पाणी घेतलं आणि फोटोच्या मध्येच घटाघट प्यायली. पूर्ण. मला तो हारापेक्षा मोठा मान वाटला.

उदारामनं मला घरी आणलं. आणि या वेळी कोंबड्यांकडे नेलं नाही. ऑटोवरून उतरवून सरळ अंगणातल्या कोपऱ्यात नेलं, लुगडं सोडलं आणि मला खुंटांना बांधलं. सुलोचनाबाई दारात उभी राहून पाहत होती. तिला संशय आला असणार.

‘‘आज सूर्व्य कुठून निंगाला?’’ ती म्हणाली.

‘‘विरळ हाये म्हनतेस ना? बुजवून देतो.’’ त्यानं बाहेरून मला चांगलं सारवलं. घरच होतं, इथं कोणी रागावणार नव्हतं. भोकावर दोन थर दिले.

दुसऱ्या दिवशी सुलोचनाबाई अंघोळीला आली. बसली. उठली. पुन्हा बसली. मग बाहेर जाऊन विळा घेऊन आली आणि त्याच्या टोकानं ते भोक आतून उकरून काढलं. नेमकं तेच. डोळा लावला. वाटेवर पाहिलं, फाटकाकडे पाहिलं, आणि मग निवांत तांब्या उचलला.

तेवढ्यात उदाराम आला. भोक उघडं पाहून त्यानं सवयीनं हात घमेल्याकडे नेला. मग चाहुलीनं पुन्हा भोकाला लागलेला डोळा दिसला. बायकोचा डोळा. तो थांबला. किती वेळ थांबला सांगता येत नाही, माणूसच हळू. मग त्यानं हात धुतले, घरातून खुर्ची आणली, माझ्या बाहेरच्या अंगाला ठेवली आणि अंगणाकडे तोंड करून बसला.

आतून सुलोचनाबाई म्हणाली, ‘‘कोन बसलं?’’

‘‘मीच.’’

‘‘कायले?’’

‘‘असाच. कर तू अंघोळ.’’

आता मी म्हातारा झालो. खालच्या कमच्या कुजल्या, वाळवी चढून राहिली. एखाद्या पावसाळ्यात जाईन. जाण्याआधी एक मागणं आहे. अशी बिमारी पुन्हा येणार नाही असं म्हणतात, पण माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, मला खरं वाटत नाही. येईल तेव्हा तुम्ही पुन्हा शाळा रिकाम्या कराल, पलंग लावाल, सिलिंडरं मोजाल. त्याच्या आधी एक दार लावा. आतून कडी असलेलं. आणि दाराकडे पाठ करून बसणारा एखादा माणूस शोधा.

असा माणूस मिळायला वेळ लागतो. मला एकच मिळाला. सकाळी सुलोचनाबाईच्या तांब्याचा आवाज सुरू झाला की माझ्यापुढे अजून त्याची ती पिकलेली मान दिसते. वळत नाही.